गाडी घ्यायचीय, पण विकणाऱ्यालाच इंटरेस्ट नाही!

नवीन गाडी घेतानाचे प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, मला वाटलं पेट्रोल का इलेक्ट्रिक, ऑटोमॅटिक का मॅन्युअल असलं काहीतरी येईल, पण आलेल्या पत्रांत गाडीबद्दल थोडं आणि गाडी विकणाऱ्यांबद्दल भरमसाट. काही पत्रं तर नुसत्या शिव्याच होत्या, त्या छापता येणार नाहीत. तर यावेळचं सदर सगळं शोरूमवरच. मी स्वतः काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे आतलं थोडंफार माहितीय.

प्रश्न: दादा, मी आणि माझा मित्र शोरूमला गेलो, साधे कपडे, पाठीला सॅक. गाडीभोवती फिरलो, आत बसलो, डिकी उघडून बघितली, तिघं सेल्समन समोर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेले पण एकही उठला नाही. शेवटी मीच एकाला हाक मारली तर म्हणे 'ब्रोशर वेबसाइटवर आहे.' अरे मी घ्यायच्या तयारीने गेलेलो! यांना गाडी विकायचीच नसते का? — पहिलीच गाडी घेणारा

उत्तर: विकायची असते रे, पण ती तुलाच विकायची असते असं नाही.

आधी त्यांच्या पगाराचं गणित समजून घे म्हणजे अर्धा राग तिथेच उतरेल. बहुतेक ठिकाणी सेल्समनचा मूळ पगार बेताचा आणि खरी कमाई इन्सेंटिव्हवर, आणि इन्सेंटिव्ह स्लॅबमध्ये, म्हणजे महिन्याला अमुक गाड्या झाल्या तर इतके, त्याच्या वर गेल्या तर जास्त. त्यामुळे महिन्याच्या सुरुवातीला ज्याने तुझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही तोच माणूस महिनाअखेरीला एका गाडीसाठी अडला असेल तर दिवसातून चारदा फोन करेल, 'सर बघा ना, काहीतरी करून देतो.' माणूस तोच, तारीख वेगळी. आणि दिवसभरात आत येणाऱ्यांपैकी बरेच जण नुसते बघायला येतात हे त्याला माहीत असतं, मग तो दारातून येणाऱ्याला चपलेपासून वरपर्यंत बघून ठरवतो की उठायचं का नाही. ही सवय वाईटच आणि बऱ्याचदा अंदाज चुकतोही, पण चुकला हे त्याला कधी कळतच नाही ना, कारण तो गिऱ्हाईक परत येतच नाही, दुसरीकडे घेतो.

आता एक गोष्ट जी बाहेरच्यांना फारशी माहीत नसते. तू आधी वेबसाइटवर नंबर टाकला होतास का, किंवा फोन करून किंमत विचारली होतीस का? टाकला असशील तर तुझी एन्क्वायरी सिस्टीममध्ये कुणातरी एकाच्या नावावर चढलेली असते. तो रजेवर असो नाहीतर नोकरी सोडून गेलेला असो, तू त्याचा गिऱ्हाईक. बाकीच्यांनी तुला तासभर गाडी दाखवली तरी इन्सेंटिव्ह त्याच्या खात्यात जाणार, मग कोण कशाला उठेल. म्हणून आत गेल्या गेल्या रिसेप्शनला सरळ विचारायचं, 'माझी एन्क्वायरी कुणाच्या नावावर आहे? तो नसेल तर दुसऱ्याच्या नावावर करून द्या.' एवढ्या एका वाक्याने समोरच्याला कळतं की हा माणूस सिरियस आहे, आणि आता हा आपला आहे. बऱ्याचदा तिथेच चेहरे बदलतात, बघ करून.

शिवाय एक जुनी सवय लागलीय या धंद्याला. २०२० च्या शेवटी शेवटी गाडीत लागणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपचा तुटवडा सुरू झाला, २०२१ मध्ये तर जगभरच्या कंपन्यांना कारखाने मधे मधे बंद ठेवावे लागले, गाड्या कमी आणि मागणी जास्त, लोक महिनोन्महिने वाट बघायला तयार. त्या दोन वर्षांत जी पोरं या लाईनीत आली ती विकायला शिकलीच नाहीत, नावं लिहून घ्यायला शिकली. माल आला, सवय राहिली.

तुला काय करायचं तर अपॉइंटमेंट घेऊन जा, शक्यतो वर्किंग डेला सकाळी, शनिवार रविवार गर्दीत जाऊ नको. आणि आत जाऊन कुणी विचारलंच नाही तर सेल्स मॅनेजरचं केबिन शोध, भांडू नको, फक्त सांग की मला अमुक मॉडेलची अमुक व्हेरियंटची टेस्ट ड्राइव्ह आणि लेखी कोटेशन हवंय, कोण देईल? तरीही काही हललं नाही तर तीच गाडी विकणारा दुसरा डीलर बघ, कंपनी तीच असली तरी डीलरचा धंदा बहुतेक ठिकाणी वेगळ्या मालकाचा असतो. मात्र एक सांगतो, थंड सेल्समनमुळे तुझा एक तास गेला आणि टाळकं फिरलं, बास. त्यापेक्षा महाग पडणारा प्रकार वेगळाच आहे, त्यावर पुढे एक पत्र आहे ते वाच.

प्रश्न: गाडी माझी, पैसे माझे, चालवणार मी. नवरा फक्त सोबत आलेला, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. तरी सेल्समन पूर्ण वेळ त्याच्याशीच बोलत होता, इंजिन, टॉर्क, सगळं त्याला, आणि मला काय दाखवलं तर आरसा आणि सीटचं कापड! मी बूट स्पेस विचारली तर उत्तर पण त्याच्याकडे बघून. — संतापलेली

उत्तर: ताई, तुमचा राग एकदम योग्य आहे आणि हा नुसता उद्धटपणाचा प्रश्न नाही, यात पैसे जातात. अमेरिकेत इयन एअर्स आणि पीटर सीगलमन या दोन संशोधकांनी शिकागो परिसरातल्या डीलर्सकडे माणसं पाठवून बघितलं होतं, सगळ्यांना घासाघीस कशी करायची याचं सारखंच ट्रेनिंग, बोलायचं काय ते पण ठरवून दिलेलं, फरक फक्त समोर कोण उभंय याचा. तीनशेहून जास्त वेळा हा प्रयोग केला आणि १९९५ मध्ये तो छापून आला. गोऱ्या पुरुषांना जी किंमत सांगितली गेली ती गोऱ्या बायकांना आणि काळ्या स्त्री-पुरुषांना सांगितलेल्या किमतीपेक्षा कमी होती. तेच शब्द, तीच गाडी. म्हणजे 'हिला काय कळतंय' हे समोरच्याच्या डोक्यात आलं की ते कोटेशनमध्ये उतरतं.

त्यामुळे तोंडी किंमत ऐकूनच घ्यायची नाही. दोन तीन डीलर्सकडून मेलवर कोटेशन मागवा, प्रत्येक ओळ वेगळी लिहिलेली, गाडीची किंमत, टॅक्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स, ऍक्सेसरीज, आणि ते 'हँडलिंग' नाहीतर 'लॉजिस्टिक' नावाचं जे काय असतं ते. मेलवर चेहरा दिसत नाही हा मोठा फायदा. मग सगळ्यात कमीवाला कागद घेऊन शोरूमला जा आणि टेबलावर ठेवा. आणि शोरूममध्ये नवऱ्याला सांगून ठेवा की सेल्समन तुझ्याकडे बघून बोलला की तू फक्त 'तिला विचारा' एवढंच म्हणायचं, दुसरं अक्षर नाही. तीनदा म्हणाला की मान वळते. नाही वळली तर तिथून उठा, खरंच उठा, कारण असला माणूस उद्या सर्व्हिसला गेल्यावर पण तुमचं ऐकणार नाही.

प्रश्न: बाकीचे काय बोंबलतात माहीत नाही, आमचा सेल्समन मात्र देवमाणूस! टेस्ट ड्राइव्हला गाडी घरी घेऊन आला, आईला हाताला धरून बसवलं, रात्री अकराला मेसेज केला तरी रिप्लाय. एकच, पूर्ण किंमत विचारली की तो महिन्याचा हप्ता सांगतो. 'सर तुम्हाला हप्ता परवडतोय ना, मग झालं!' लोन, इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी सगळं तोच करून देतोय. मला काही बघायलाच लागत नाहीये. — समाधानी ग्राहक

उत्तर: समाधानी ग्राहक, तुमचंच पत्र वाचून मला सगळ्यात जास्त धडकी भरली.

तो माणूस वाईट आहे असं मी म्हणत नाही, कष्टाळू आहे आणि आईला हाताला धरून बसवणारा माणूस मला आवडतोच. पण गाडीवर मार्जिन तसं कमी असतं, डीलरची चांगली कमाई लोनवर, इन्शुरन्सवर, वॉरंटीवर, कोटिंगवर, मॅटवर असते आणि सेल्समनला पण त्या प्रत्येक वस्तूवर काही ना काही मिळतं. म्हणून तो पूर्ण किंमत सांगत नाही. हप्ता सांगितला की त्यात काहीही मिसळता येतं, मुदत दोन वर्षांनी वाढवली की हप्ता कमी दिसतो आणि वर वॉरंटी पण बसते, तुम्हाला वाटतं स्वस्तात पडलं.

एक हिशोब करून दाखवतो. तो म्हणाला १० टक्के फ्लॅट, ५ वर्षं. १०० घेतले तर वर्षाला १० प्रमाणे ५० व्याज, १५० परत, ६० हप्त्यांत, म्हणजे दर महिन्याला अडीच. आता तुम्ही दर महिन्याला मुद्दल पण फेडताय, तिसऱ्या वर्षी तुमच्याकडे त्यांचे शंभर राहिलेले नाहीत, तरी व्याज मात्र पूर्ण शंभरावरच चाललंय. घटत्या शिलकीवर, म्हणजे रिड्युसिंग, धरलं तर हाच दर १७ टक्क्यांच्या वर जातो. म्हणून प्रश्न एकच विचारायचा, रेट फ्लॅट का रिड्युसिंग? आणि त्याने काहीही उत्तर दिलं तरी सगळे हप्ते मिळून एकूण किती भरणार तो आकडा कागदावर लिहून घ्यायचा. मग तुमच्या स्वतःच्या बँकेत जाऊन तोच प्रश्न. इन्शुरन्सचं पण तसंच, तेच कव्हर बाहेर कितीला मिळतंय ते बघा, डीलरचंच घ्यायला पाहिजे असं कुणी म्हणालं तर 'कुठे लिहिलंय ते दाखवा' म्हणा.

किंमत लपवायचा हा खेळ आजचा नाही. अमेरिकेत तर डीलर मनाला येईल ती किंमत सांगायचे म्हणून १९५८ मध्ये कायदाच करावा लागला, नव्या गाडीच्या काचेवर कंपनीने ठरवलेली किंमत आणि कुठली ऍक्सेसरी कितीची हे सगळं छापून चिकटवायचं. ज्या सिनेटरने तो आणला त्याच्या नावाने त्या कागदाला अजून मन्रोनी स्टिकर म्हणतात.

तर तुमच्या देवमाणसाला सांगा, हप्ता नंतर बघू, आधी लोन न धरता गाडीची पूर्ण किंमत लिहून दे. दिली तर खरंच देवमाणूस, त्याच्याकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी चालेल.

प्रश्न: बुकिंग केलं त्या दिवशी सेल्सगर्ल दारापर्यंत सोडायला आली. नंतर फोन उचलत नाही. तारीख दोनदा पुढे गेली. आता मेसेज आलाय की तुमचा रंग नाहीये, दुसरा रंग लगेच मिळेल, आणि त्याआधी पूर्ण पेमेंट करा म्हणजे 'गाडी लॉक होईल'. काय करू? जुनी गाडी पण एक्सचेंजला द्यायचीय. — वैतागलेला बाप

उत्तर: पूर्ण पेमेंट करू नका. आज तर नकोच.

बुकिंगच्या आधी कुणी दुर्लक्ष केलं तर तुमच्या हातात उपाय असतो, चालू पडायचं. पैसे दिल्यावर दुर्लक्ष केलं तर ती सर्व्हिसमधली कसूर आहे आणि तिथे गप्प बसायचं नसतं. फोन करणं मात्र बंद करा, फोनवरच्या बोलण्याला पुरावा नाही आणि तुमचा बीपी वाढतो ते वेगळं. त्या मुलीला पण सारखं झापू नका, बऱ्याचदा तिला स्वतःलाच माहीत नसतं गाडी कुठे आहे, आणि 'माहीत नाही' असं सांगायची तिला परवानगी नसते, म्हणून ती फोन उचलत नाही.

बुकिंग फॉर्म काढून बघा, मॉडेल, व्हेरियंट, रंग, तारीख आणि रद्द केलं तर किती परत हे सगळं लिहिलंय का. मग सेल्स मॅनेजरला मेल करा आणि कॉपी कंपनीच्या कस्टमर केअरला ठेवा. शब्द साधे ठेवा, जसं की 'अमुक तारखेला बुकिंग केलं, पावती सोबत जोडली आहे. डिलिव्हरीची तारीख दोनदा बदलली. माझ्या नावावर अलॉट झालेल्या गाडीचा चेसिस नंबर आणि डिलिव्हरीची तारीख या आठवड्यात लेखी कळवावी, नाहीतर बुकिंग रद्द करून रक्कम परत करावी.' बस. रामायण लिहू नका, मागच्या पाच फोनची कहाणी नको.

चेसिस नंबर म्हणजे प्रत्येक गाडीचा स्वतंत्र ओळख नंबर, तो मागायचं कारण असं की तोच एक खरा पुरावा आहे. नंबर अलॉट झाला म्हणजे गाडी आहे, यार्डात असो नाहीतर ट्रकवर. नंबर नाही म्हणजे तारीख हवेतली. आणि 'गाडी लॉक करायला पेमेंट' असं म्हणतात तेव्हा नंबर द्यायला काहीच हरकत नसते, बघा काय उत्तर येतं. दुसरा रंग लगेच मिळतो म्हणजे तो यार्डात उभा आहे आणि त्यांना तो संपवायचाय. तुम्हाला चालत असेल तर घ्या, पण मग डिस्काउंट मागा, ही तुमची वेळ आहे. जुनी गाडी नवी दारात आल्याशिवाय देऊ नका, आणि एक्सचेंजची रक्कम आजच लेखी घ्या, नाहीतर डिलिव्हरीच्या दिवशी 'सर मार्केट डाऊन झालंय' असं ऐकायला मिळेल.

प्रश्न: डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी गाडी बघितली तर मीटरवर किलोमीटर जास्त वाटले आणि दारावर बारीक ओरखडा. सेल्समन म्हणाला सगळ्यांना असतं, उद्या पॉलिश करून देऊ. विश्वास ठेवू का?

उत्तर: थोडे किलोमीटर सगळ्या गाड्यांवर असतात, कारखान्यातलं टेस्टिंग, यार्डातली हलवाहलव, त्यात काही काळंबेरं नाही. आकडा शंभराच्या पुढे गेला की मात्र विचारायचं ही रोडने आणली का टेस्ट ड्राइव्हला वापरली, आणि उत्तर लेखी मागायचं. ओरखडा पण फॉर्मवर लिहून घ्या, फोटो काढा, आणि पॉलिश झाल्यावर परत बघून मगच सही.

गाडी दिवसा उजेडात बघा, शोरूमच्या लाइटखाली सगळ्याच गाड्या चकचकीत दिसतात. चेसिस नंबर १७ अक्षर-आकड्यांचा असतो, त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. तो गाडीवरचा आणि इन्व्हॉइसवरचा एकेक अक्षर लावून बघा, कंटाळा करू नका. मग खाली वाका आणि टायरच्या बाजूला डीओटी लिहिलंय तिथले शेवटचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३२५ असेल तर २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायर जवळपासचे हवेत आणि स्टेपनी पण. चारपैकी एकच नवा असेल तर तो का बदलला? गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष गाडीच्या प्लेटवर किंवा कागदांवर मिळतं, ते जुनं निघालं तर नवीन मागा किंवा किंमत उतरवा. आणि डिलिव्हरीआधीच्या तपासणीची, पीडीआयची, शीट मागा. सगळ्या चौकटीत एकाच पेनाने एकाच दमात टिक केलेली असेल तर काय समजायचं ते समजा.

हे सगळं रजिस्ट्रेशनच्या आधी करायचं. एकदा गाडी तुमच्या नावावर चढली की बदलून मागणं फार अवघड जातं.

प्रश्न: कंपनीचा सर्व्हे कॉल येणार आहे, सेल्समन हात जोडून म्हणतोय दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी माझा इन्सेंटिव्ह कापतात. अनुभव सहासातचा होता. देऊ का?

उत्तर: बऱ्याच ठिकाणी नऊला पण नापास धरतात हे खरं आहे, तो नाटक करत नाहीये. तुमचं काही काम अडकलेलं असेल, मॅट राहिल्या, दुसरी चावी राहिली, तर कॉल यायच्या आधी त्याला सांगा, सगळ्यात पटकन कामं तेव्हाच होतात. नंतर खरं ते सांगा. चूक डीलरची असेल आणि पोराची नसेल तर तसंच शब्दात बोला, नुसता आकडा देऊ नका.

प्रश्न: मी कार सेल्समन आहे. तुमच्या सदरात आम्हाला नेहमी झोडपलं जाणार हे माहीत असूनही लिहितोय. लोक चार टेस्ट ड्राइव्ह घेतात, दोन दोन तास माझ्याकडून सगळं समजून घेतात, आणि थोड्याशा डिस्काउंटसाठी दुसऱ्या डीलरकडे बुक करतात. वर मॅनेजर मला बोलतो. मग मी दुसऱ्या दिवशी हसत कसा उभा राहू? — एक सेल्समन

उत्तर: भाऊ, आज झोडपायचं नाही ठरवलंय. तुझं म्हणणं बरोबर आहे, आणि वाचकांनी पण वाचावं, ज्या पोराने दोन तास दिले त्याला निदान दुसरं कोटेशन दाखवून 'जमेल का' एवढं तरी विचारावं. बऱ्याचदा जमतं.

पण तुला एका माणसाचं सांगतो. जो जिरार्ड नावाचा सेल्समन होता, अमेरिकेत डेट्रॉइटच्या बाजूला शेवरोलेच्या डीलरकडे. १९६३ ते १९७८ या काळात त्याने १३,००१ गाड्या विकल्या, एकट्या १९७३ मध्ये १,४२५, गिनीज बुकात नोंद आहे, आणि या एकेका माणसाला एकेक करून विकलेल्या, कंपन्यांना घाऊक दिलेल्या नाहीत. त्याची एक सवय सगळ्यांना माहीत होती, जुन्या गिऱ्हाइकांना दर महिन्याला पोस्टाने एक कार्ड. त्यात ऑफर नाही काही नाही, नुसती आठवण. मग पुढे पुढे येणाऱ्यांत ओळखीतून आलेलेच जास्त, ते कशाला चार ठिकाणी फिरतील.

तुला कार्ड पाठवायची गरज नाही, मोबाईल आहे, पण तुमच्या लाईनीतल्या लोकांचे मेसेज मी बघितलेत, डिलिव्हरीच्या दिवशी फोटो, दुसऱ्या दिवशी रिव्ह्यूची लिंक, आणि नंतर वर्षभर शुकशुकाट, एकदम इन्शुरन्स रिन्यूअलला 'हॅलो सर कसे आहात'. त्यापेक्षा पहिल्या सर्व्हिसच्या आधी फोन कर, गाडी कशी चाललीय विचार, सर्व्हिसवाल्याचं नाव सांग, त्याला पण सांगून ठेव. पाच मिनिटांचं काम आहे. आणि ज्याने दुसरीकडे बुक केली त्याला पण महिन्याने एक मेसेज टाक, चिडून नको, गाडी आली का एवढंच. त्याच्या घरात अजून कुणीतरी गाडी घेणार असतंच. बाकी मॅनेजरचं म्हणशील तर त्याच्यावर पण वरून कुणीतरी बोलत असतं, त्यावर माझ्याकडे औषध नाही.